पान वाळलंय, मॅडम

पाळी गेली त्याला चार वर्षं झाली.
गेली तेव्हा मी फक्त पेढेच वाटायचे ठेवले होते.
सुटले म्हटलं, आता नुसतं बसायचं आणि वळायचं.

मग ही आग लागली.
आधी लघवीला, मग बसता-उठता.
मांडीवर सूप घेऊन हजार विड्या वळायच्या म्हणजे
दिवसभर त्याच जागेवर अंगाचा भार.
मी कूस बदलायची, सूप कलंडायचं, तंबाखू सांडायची.
मेहराज म्हणायची, काय गं राजमणी, मुंग्या आहेत का खाली?
आहेत म्हटलं.
हसलो दोघी.

अंबादासला काय सांगणार?
रात्री त्याचा हात आला की मी ओठ दाताखाली धरून
पंख्याची घरघर ऐकत पडायची.
एकदा रडू फुटलं, आणि त्याला वाटलं
त्याचंच काही चुकलं.
तेव्हापासून तो दारात बाज टाकून झोपतो.
म्हणतो, आत उकडतंय.
सोलापूरच्या एप्रिलात ह्याला खोटं कोण म्हणेल?

मेडिकलात दोनदा जाऊन आले.
खोकल्याला नाव आहे, मूळव्याधीलासुद्धा आहे,
ह्याला काय म्हणायचं त्या मिसरूड फुटलेल्या पोराजवळ?
दोन्ही वेळा डोकेदुखीची गोळी घेऊन परतले.
आईच्या तेलुगूत शब्द शोधला, आईनं तो कधी दिलाच नव्हता.
शेवटी मेहराजला विचारलं.
ती कितीतरी वेळ धागा गुंडाळत राहिली,
मग म्हणाली, वो?
मेरेको भी.

घरकुलातून सहा आसनी रिक्षा, सात रस्त्याला उतरून चालत.
केसपेपरवाली मुलगी मोठ्यानं, काय होतंय मावशी?
पोटात, म्हटलं मी.
आत हिरेमठ मॅडम. पेन बाजूला ठेवून बघत बसल्या.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगितलं,
पान वाळलंय, मॅडम.
वळायला गेलं की तडकतं.

कुठलं पान, ते त्यांनी विचारलं नाही.
मध्येच रक्त जातं का, ते विचारलं.
छातीत कधी गाठ झाली होती का.
हातमोजे घालून, सांगून सांगून, हळू तपासलं.
योनीचा कोरडेपणा, म्हणाल्या,
जसं कुणी म्हणावं गुडघेदुखी.
पाळी थांबली की आतली कातडी पातळ होते, ओल आटते.
खूप जणींना होतं. येत नाहीत, एवढंच.
साबण बंद. ही ट्यूब रात्री, दोन आठवडे रोज,
मग आठवड्यातून दोनदा.
हे जेल वेगळं, त्या वेळेपुरतं.
आणि घरी बोला.

ट्यूब म्हणजे माझ्या दीड हजार विड्या.
चिठ्ठी दिली, पोरानं पिशवीत घालून दिली.
नाव घ्यायची वेळच आली नाही.

आठ दिवसांत काही वाटलं नाही.
मेहराजला म्हटलं, पैसे गेले बघ.
तिसऱ्या आठवड्यात एकदा
कारखान्याचा पुडा बांधून झाला तेव्हा लक्षात आलं,
सकाळपासून मी हललेच नव्हते.

त्या रात्री पानं भिजवली,
पाणी निथळून ओल्या गोणपाटात गुंडाळली.
चाळीस वर्षं रोज करते हे,
कोरड्या पानाला कधी शिवी दिली नाही.

अंबादास बाजेवर जागाच होता.
सांगितलं त्याला. अर्धं अंधाराला, अर्धं त्याला.
बराच वेळ नुसती कुत्री भुंकत होती.
मग म्हणाला, मला वाटलं
मी नकोसा झालो.
अजून थोडे दिवस जाऊ दे, म्हटलं,
आणि सरक जरा.

बाज करकरली.
भिंतीपलीकडून मेहराज, साखर मागावी तशी,
राजमणे,
तुझी ट्यूब संपली का गं?